देवाचा रुपया

घरात प्लास्टिकचे डबे कधी साठतात ते कळत नाही, आणि नंतर एकाचं झाकण दुसऱ्याला बसतं. किश्श्यांचंही तसंच. आम्ही नांदेडात उपवासाची भाजणी विकतो, मी आणि शेजारच्या शाहीनभाभी. त्या धंद्यातले हे काही.

इन्कम टॅक्सची नोटीस आली ती नेमकी एकादशीला. विक्री आणि बँकेचा आकडा जुळत नाही, खुलासा करा. दंड बसला तर चक्कीसाठी साठवलेले पैसे जाणार, या विचारानं मी नोटीस देवापुढं ठेवली. भाभी मात्र म्हणाल्या, "काकू, आपल्याला इन्कम अजून दिसलं न्हाई, यान्ला कसं काय दिसलं?"

आमचे हे चष्मा लावून हिशेबाला बसले. "पाकीट शंभरचं, मग जिथं-तिथं एकशे एक का लिहिलंय?"

मी म्हणाले, "शून्यावर थांबू नये. शुभ नसतं."

"मग तो वरचा रुपया कुठाय?"

"तो देवाचा."

हे म्हणाले, "देवाचं पॅन कार्ड हाय का?"

अगदी मनापासून केलेली चूक हो! पण सरकारला मन कसं दाखवायचं?

निकाल लागेपर्यंत मी चहा सोडला. भाभींनी मन्नत मागितली. ह्यांना विचारलं, "तुम्ही काय सोडलं?"

"अनोळखी नंबरचा फोन उचलणं!"

लातूरच्या जाऊबाईंनी फोनवर सल्ला दिला, "जुनं लुगडं नेसून जा. दया येईल." मी विटकी साडी नेसून भाभींसोबत ऑफिसला गेले. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मावशी, कँटीनच्या बायांनी मागच्या दारानं जायचं."

भाभी कानात म्हणाल्या, "काकू, साडी लई भारी निवडली!"

आत एक तरुण मॅडम होत्या. मी हात जोडून सगळं खरं सांगितलं, देवाच्या रुपयासकट. त्यांनी मान खाली घातली. हसत होत्या की कागद वाचत होत्या, कळलं नाही. मग म्हणाल्या, "ही चूक आहे, चोरी नाही. आकडे दुरुस्त करून परत भरा. दंड नाही. पण यापुढं जेवढे आले तेवढेच लिहायचे."

घरी आल्या आल्या भाभींनी चहा टाकला. एवढा गोड की ह्यांनी विचारलं, "साखरेवर टॅक्स माफ झाला का?"

नवरात्रात एक दिवस दारात त्याच मॅडम! मी दारातच हात जोडले.

"घाबरू नका. आईचे उपवास आहेत. एक पाकीट द्या."

"पैसे कशाला, मॅडम! घरचंच समजा."

"फुकट चालत नाही. बिल करा."

भाभींनी बिलबुक काढलं. मॅडमनी शंभराची नोट माझ्या हातावर ठेवली. मग पर्समध्ये बराच वेळ शोधून वर एक रुपया ठेवला.

"बिल मात्र शंभराचंच करा हं, काकू."