नायलॉनची गोधडी

नाशिकच्या मेन रोडवरच्या कापडदुकानातला एक सेल्समन गिऱ्हाइकासमोर धागा जाळून दाखवायचा. सुती धाग्याची कागदासारखी राख व्हायची. नायलॉनचा वितळायचा आणि टोकाला टणक मणी उरायचा. मग दर वेळी तेच, एका दमात: "कापूस शेतात पिकतो ताई, हे कारखान्यात! रसायनांचा घट्ट रस करायचा, बारीक भोकांतून शेवयांसारखा दाबायचा, ओढून तार काढायची. पाणी पीत नाही, चुरगळत नाही, इस्त्रीची कटकट नाही!" तेव्हा नायलॉनची लाटच होती. मीही दोन साड्या घेतल्या. उन्हाळ्यात अंगाला चिकटल्या.

बायको गेल्यावर तो पहिल्यांदाच माझ्या घरी आला. मी गोधड्या शिवून देते हे त्याला माहीत होतं. पिशवीत तिच्या चार साड्या, सगळ्या नायलॉनच्या.

"हिला सुती आवडायच्या," तो म्हणाला. "मीच घेऊ दिल्या नाहीत."

मी सरळ सांगितलं, "यांची गोधडी नीट होत नाही, भाऊ. ऊब धरत नाही, घाम टिपत नाही. बोहारणीला द्या, एखादं पातेलं तरी येईल."

दुकानात कापड मांडावं तशा त्याने साड्या एकेक करून माझ्यासमोर उलगडल्या. शेवटी मीच तोडगा काढला: आत या साड्या, वरून माझं जुनं सुती लुगडं.

"नको. वर हिचीच राहू द्या."

"अहो, रात्रभर अंगावरून घसरेल ती, सारखी जाग येईल."

"घसरू द्या, ताई. तेवढंच घरात कुणीतरी उठवतंय असं वाटेल."