इटली पळून जात नाही म्हणे!

आज दुपारी भिसेगावच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर इटलीचा नकाशा पसरला होता. आमचा पहिलाच परदेश! रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. मे महिन्याची तिकिटंही काढून झालीत.

तेवढ्यात कडावहून माझे चुलतदीर आले. नकाशावरच चहाचा कप टेकवला आणि म्हणाले, "वयनी, पोराची हळद हाय. तुमी नाय म्हणजे कसं चालंल? भावकी काय बोलंल? इटली काय पळून जातेय?"

हळदीची तारीख बरोब्बर आमच्या ट्रिपच्या मधोमध. आमच्या तारखा त्यांना दिवाळीपासून माहीत आहेत!

मी नवऱ्याकडे पाहिलं. सकाळपर्यंत पिझ्झा कुठे चांगला मिळतो ते शोधणारा हा माणूस मला म्हणतो, "तारीख बदलता येते का बघ गं."

मी म्हटलं, "तुम्ही थांबा, हळदीत नाचा. मी एकटी जाते."

भावजी तोंड फुगवून गेले. व्हेनिसवर चहाचा गोल डाग राहिला.

मंडळी, माझ्या मुलीच्या हळदीला हेच भावजी दुबईला होते. तिथून फोटो टाकत होते. आणि मी, नवरीची आई, हळदीच्या हातांनी ते लाइक करत होते.

आता व्हेनिसहून फोटो मी टाकणार. बघते, भावकीतलं कोण कोण लाइक करतं.