आधी उजेड

सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. रविवारी तो चर्चला जायचा, दुकान बंद. मशीन सुरू करताना हात जोडून थांबायचा. स्क्रीन उजळली की म्हणायचा, "देवानंबी आदी उजेडच केला. मग बाकीचं."

बायको गेल्यावर तिचा बंद पडलेला लॅपटॉप मी त्याच्याकडे नेला. त्यानं तो सुरू करून तिचे सगळे फोटो परत मिळवले, वर पेनड्राइव्हवर एक कॉपीही दिली. मी आभार मानले, तर भिंतीवरच्या आपल्या मुलीच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत तो म्हणाला, "सहा दिवसांत एवढं सगळं केलं देवानं. माणसाची कॉपी तेवढी ठेवली न्हाय."

घरी येऊन मी लॅपटॉप सुरू केला. उजेड आला, तिचे फोटो आले. बाकीचं आलं नाही.