एक जूनवाल्यांची टपाली मतं

आमच्या नॉटिंगहॅमच्या मराठी ज्येष्ठ मंडळात दर गुरुवारी चहा असतो. चहाला बसणारे सगळे सत्तरीपुढचे, आणि त्यांचे फॉर्म भरून देणारी मी एकटी. पूर्वी टपाली मतदानाचा अर्ज एकदा केला की वर्षानुवर्षं चालायचा. आता दर तीन वर्षांनी नवा अर्ज, नवी सही. हे नियम आणखी बदलणार अशीही चर्चा आहे. बदलू देत बापडे! दर बदलाला माझ्याकडे दोन-चार किस्से जमतात, आणि ते पोटात ठेवणं काही मला जमत नाही.

*

सगळ्यात मोठा घोळ जन्मतारखेचा. मतासोबत एक कागद जातो. त्यावर सही आणि जन्मतारीख लागते, अर्जावर होती तीच. आता आमच्यातले पाच जण एक जूनचे! शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट तीच तारीख लावलेली.

मतदारयादीचं काम बघणाऱ्या कौन्सिलच्या बाईंनी मला फोन केला. तुम्ही लोकांना न विचारताच तारीख भरता का, म्हणाल्या. मी म्हटलं, मी नाही हो, मास्तरांनी भरली.

*

सुलूमावशीही एक जूनच्याच. खरा जन्म मात्र नोव्हेंबरातला, ऐन दिवाळीतला. मतासोबतच्या कागदावर छापलेलं होतं की खोटी माहिती देणं गुन्हा आहे. मावशी घाबरल्या आणि नोव्हेंबर लिहून मोकळ्या झाल्या. अर्जाशी जुळेना, मत बाद!

"साठ वर्षं खोटं लिहिलं, कुणी हूं की चूं केलं नाही," मावशी म्हणाल्या. "एकदा खरं लिहिलं तर रिजेक्ट."

*

जोशीकाका निवृत्त शिक्षक. मतपत्रिकेवर पसंतीच्या नावापुढे फुली मारायची असते, पण चुकलं तिथे फुली ही काकांची जन्माची सवय. चौघांपुढे ठसठशीत फुल्या, आवडत्या उमेदवारापुढे बरोबरची खूण, आणि एका नावाशेजारी लाल शाईत शेरा, 'सुधारणेस वाव आहे'. नवी मतपत्रिका मागवावी लागली.

त्यातच कळलं की नवराबायकोची मतं काका एकाच लिफाफ्यात घालायला निघालेत. पन्नास वर्षं एका घरात, मग लिफाफे वेगळे कशाला? मी वेगळे करायला लावले. काकूंनी मला हळूच किचनमध्ये ओढलं.

"बरं केलंस गं. ह्यांनी बघितलं असतं तर पुन्हा ह्यांच्याच माणसाला द्यावं लागलं असतं."

*

कांबळेकाका इथल्या हॉस्पिटलात नर्स होते. स्ट्रोकनं त्यांचा उजवा हात गेला, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत मत बाद झालं. सही जुळत नाही, असं कौन्सिलचं पत्र आलं. काकांनी ते माझ्यापुढे ठेवलं. या देशात आल्यापासून त्यांनी एकही मतदान चुकवलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

हात चालत नसेल तर सही माफ होते. मी तो फॉर्म पुढे केला.

"सही येत नाही असं मी लिहून देऊ? माझ्या आईचा जन्म अंगठा लावण्यात गेला. ठेव तो बाजूला."

मग काकांनी डाव्या हातानं सही गिरवायला घेतली. एक वही भरली, दुसरी आणली. नवा अर्ज त्याच सहीनं गेला. पुढच्या निवडणुकीची मतपत्रिका आली त्या सकाळी काका सूट-टाय घालून डायनिंग टेबलाशी बसले. कुठे निघालात, कांबळेकाकूंनी विचारलं. मत द्यायला, म्हणाले. सही केली आणि लिफाफा स्वतः जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकला.

मत बाद झालं तर तीन महिन्यांच्या आत पत्र येतं. मोजलं गेलं तर कुणी काही कळवत नाही. काका रोज दारात पडलेलं टपाल दोनदा चाळायचे. आम्हीही विचारायला धजत नव्हतो.

तीन महिने उलटले त्या गुरुवारी काका मंडळात आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. नातू झाला का, सुलूमावशींनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "पत्र आलं नाही."