कळव्याच्या होडीवाल्याने केलेलं नाक

"कर्णिक, शंभरच्या पुढे गेलो की स्टिअरिंग हलकं पडतं रे! गाडी रस्ताच सोडते!" सामंत साहेब हेल्मेट काढत माझ्यावर ओरडले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ठाण्याला माजिवड्याच्या पुढचा एक नवा रस्ता तयार होता, फक्त उद्घाटन राहिलं होतं. कंत्राटदार साहेबांचा मित्र, म्हणून रविवारी सकाळी रस्ता आम्हाला टेस्टिंगला मिळायचा. साहेबांचं मशीन शॉप होतं आणि मी तिथे डिझाइनला. धंदा गिअर कापायचा, वेड रेसिंगचं. मद्रासकडे एका धावपट्टीवर जुन्या इंजिनांच्या गाड्यांची रेस सिरीज चालायची. त्यात एक वर्ग स्पोर्ट्‌स प्रोटोटाइपचा. म्हणजे शोरूममध्ये न मिळणारी, खास रेससाठी घडवलेली गाडी. चाकं झाकलेली हवीत, सीट दोन हव्यात. दुसऱ्या सीटवर कोणी बसत नाही, ती नियमापुरती असते.

आमची बॉडी फायबरग्लासची. काचेच्या धाग्यांची चटई साच्यावर अंथरायची, वर चिकट रेझिन फासायचं, वाळलं की कवच तयार. हे काम खाडीपलीकडच्या कळव्याच्या हिराजी कोळ्यांनी केलं होतं. लाकडी होड्या करता करता ते नुकतेच फायबरच्या होड्यांकडे वळले होते. त्यांच्या कामावर माझा जीव होता. बॉडीवरून बोट फिरवलं तर कुठे म्हणून अडकत नसे.

साहेबांनी आधी गाडीच्या वजनाचं माझं गणित तपासलं. पुढे वाळूची गोणी ठेवून पाहिली. काही फरक नाही. मग मी बायकोच्या विणकामातली लोकर पळवली आणि तिचे तुकडे बॉडीवर चिकटवले. वारा कुठे जातो ते त्यावरून दिसतं. साहेबांनी गाडी पळवली, मी रस्त्याकडेला पोटावर आडवा पडून बघत राहिलो. गाडीच्या नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, कडेचे लोकरीचे तुकडे सगळे खाली वळत होते. वारा नाकाखाली शिरून गाडी उचलत होता.

"हे नाक असं वर का केलंत?" हिराजींच्या शेडमध्ये शिरताच साहेब त्यांच्यावर घसरले. "गाडी सांगितली होती, होडी नाही! आठ दिवसांत ट्रक मद्रासला निघायचाय. ह्यात मी मरेन, कळतंय का?"

हिराजी मान खाली घालून उभे राहिले.

खरं म्हणजे नाकाचं ड्रॉइंग मी दिलंच नव्हतं. घाईत म्हणालो होतो, "होडीसारखं करा, तुम्हाला काय सांगायचं!" मला म्हणायचं होतं गुळगुळीत. पण होडीचं नाक लाटेवर चढायला वर उचललेलं असतं, त्यांनी इमानाने तसंच केलं. आता शिव्या खातानाही ते माझं नाव घेत नव्हते. मला स्वतःची लाज वाटली.

"साहेब, चूक माझी आहे. होडीसारखं करा, असं मीच म्हणालो."

साहेबांनी मला खालून वर न्याहाळलं. "मग नवं नाक लागलं की बाजूच्या सीटवर तू बसायचं."

"बसतो," मी म्हणालो.

"ते नाय बसनार," हिराजी पहिल्यांदाच बोलले. "नवी होरी पान्यात सोरली का पयला बनवनारा बसतो. मी बसनार."

या वेळी मी शेडच्या जमिनीवर खडूने नाक पूर्ण मापात काढलं. खाली झुकलेलं, रस्त्याला जवळजवळ टेकणारं. हिराजींनी भोवती एक फेरी मारली. "म्हंजे होरी उलटी घालायची," ते म्हणाले आणि कामाला लागले. शुक्रवारी नाक बसलं.

रविवारी त्यांनी गाडीपुढे नारळ फोडला आणि नियमापुरत्या सीटमध्ये गुडघे दुमडून बसले. गाडी सुटली. ती परत दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

"चिकटली रस्त्याला!" साहेब लांबूनच ओरडले.

हिराजी माझ्या खांद्याचा आधार घेत उतरले. "सायब," ते म्हणाले, "पान्यात निदान पोवता तरी येतं."

मद्रासला आम्ही पाचवे आलो आणि साहेब धडधाकट परतले. पुढे मी बरीच वर्षं नोकरी केली, पण तोंडी काम कुणाला सांगितलं नाही. चांगल्या कारागिराला चुकीचं सांगितलं, तर तो ती चूकही तितकीच सुबक करून देतो.