ग्लेनिसचं पिवळं दार

कर्ज काढून घेतलेलं घर नावावर झालं त्या दिवशी ग्लेनिस हार्गेटनं आधी दार रंगवलं. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या त्या गल्लीत हीच रीत होती. कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरांची दारं सगळी हिरवी. दाराचा रंग बदलला की समजायचं, घर आता यांचं. ग्लेनिसनं पिवळा निवडला. अंड्याच्या बलकासारखा.

वीस वर्षांनी कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. मुदत संपली. एकोणतीस हजार पौंड मुद्दल नव्वद दिवसांत भरा, नाहीतर घर सोडा.

तिनं फोन लावला. "दर महिन्याला एकशे ऐंशी पौंड भरत होते, ते काय होतं? देणगी?"

"ते व्याज होतं, मॅडम. फक्त व्याज."

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होऊन तिला दोन वर्षं झाली होती. ते एकशे ऐंशी जमावेत म्हणून ती संध्याकाळी दवाखान्याच्या फरशा पुसायची. गुडघे त्यातच गेले.

तिनं कंपनीकडे भरपाई मागितली, कर्जदारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लवादाकडेही गेली. कंपनीच्या उत्तरासोबत तिच्याच कर्जाच्या अर्जाची प्रत आली. व्यवसाय : स्वतःचा केटरिंगचा धंदा. वार्षिक उत्पन्न : चौतीस हजार. खाली तिची सही. 'आम्ही आपल्या माहितीवर विश्वास ठेवला.'

"चौतीस हजार!" शेजारची मेविस म्हणाली. "आणि बिंगोच्या तिकिटाला माझ्याकडून उसने घेतेस?"

"हसू नकोस गं. हे क्लिफनं भरलंय."

क्लिफ कंपनीचा दलाल. पण त्याची आई याच गल्लीतली. वीस वर्षांपूर्वी तो ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात बसला, आल्याच्या केकचे तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "रकाने मी भरतो, राणी. तू फक्त सही कर." गल्लीतल्या पोराला 'आधी भर, मग सही' म्हणणं म्हणजे त्याच्या आईला चोर म्हणणं. ग्लेनिसनं सही केली.

"तुला वर्षाला सात हजार मिळायचे, हे त्याला ठाऊक होतं?" मेविसनं विचारलं.

"आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं! पण लवाद पुरावा मागतो. गल्ली कागदावर कुठे असते?"

मेविसनं कप खाली ठेवला. "अगं, तुझा फोटो?"

"कुठला फोटो?"

"दार रंगवलंस तेव्हाचा! अंगावर शाळेचा एप्रन, हातात ब्रश. कंपनीनं जाहिरातीत छापून घरोघरी वाटला होता. माझ्या कपाटाच्या तळाशी अंथरलाय तो."

दोघींनी मेविसच्या कपाटातल्या बशा उतरवल्या. कागदावर चहाचे डाग होते. पण पिवळं दार होतं, ग्लेनिस होती, आणि खाली कंपनीच्या नावावर छापलेलं होतं : 'शाळेत वाढपी म्हणून काम करणाऱ्या ग्लेनिसचंही आता स्वतःचं घर! मग तुमचं का नाही?' तारीख अर्जाच्याच महिन्याची.

ग्लेनिसनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "माणसं पकडायला मी वाढपी. अर्ज भरायला धंद्याची मालकीण. मेल्यांनो."

दोन्ही कागद तिनं लवादाकडे पाठवले. प्रत कंपनीलाही पाठवली.

आठवड्याभरात कंपनीचा माणूस दारात हजर. कोरा सूट, गोड आवाज. सामंजस्यानं मिटवू म्हणाला. त्यानं कागद पुढे केला. रकमेची जागा कोरी होती.

"आकडा ऑफिसात घालतील, मॅडम. तुम्ही फक्त इथे सही करा."

ग्लेनिसनं केक पुढे केला नव्हता. तिनं चष्मा लावला. कागद वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत. तो माणूस उभाच होता.

"तुझी आई कुठल्या गल्लीतली रे?"

"माझी... लीड्सची, मॅडम."

"मग बरं झालं. तिचा अपमान होणार नाही." तिनं कागद त्याच्या छातीशी धरला. "आधी भर."

त्यानं भरला नाही. लवादाचा निकाल मार्चमध्ये आला. हे कर्ज द्यायलाच नको होतं. भरलेलं सगळं मुद्दलात धरा, जास्तीचं तिला परत करा. घर ग्लेनिसचं.

कंपनीच्या पत्रात 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी' होती.

"गैरसोय," ग्लेनिस म्हणाली, आणि दोन्ही हातांनी गुडघे धरून खुर्चीतून उठली.