रुपरावची भराई

माझी नात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. परवा सांगत होती, आता लेझरच्या झोतानं धातूची भुकटी वितळवतात आणि थरावर थर देत अख्खा पुर्जा उभा करतात. भुकटी दमट असली की आत बारीक भोकं राहतात, थर घाईनं थंड झाला की तडा जातो. मी म्हटलं, "बाई, हे आमच्या रुपरावला चौऱ्याहत्तर साली कळलं होतं. मला कळलं नव्हतं, म्हणून मी त्याचं काम घालवायला निघालो होतो." मग तिला सगळं सांगावं लागलं.

नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत मनोहररावांचं वर्कशॉप होतं. मी लेथवर, रुपराव वेल्डिंगवर. त्याचं काम भराईचं. पंपाचा किंवा गिरणीचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, झिजला की झिजल्या जागी वेल्डिंगचे थर देऊन तो पुन्हा जाड करायचा, आणि मी तो लेथवर तासून मापात आणायचा. एक थर दिला की हातोडीनं हलके ठोकणार, दुसरा थर समोरच्या बाजूनं देणार, म्हणजे शाफ्ट वाकत नाही. शेवटी अख्खा शाफ्ट गरम राखेत पुरून दिवसभर निवू देणार. मी वैतागायचो. "काय गा, बाळंतीण आहे का ते? किती शेकून राहिला!" तो हसायचा. "लोखंडाले घाई केली का ते मनात धरते, भैय्याजी."

छप्पन सालच्या दसऱ्याला चौदा वर्षांचा रुपराव कामठीहून घरच्यांबरोबर पायी नागपूरला धम्मदीक्षेला आला होता. शाळा सातवीत सुटली. सर्टिफिकेट कसलंच नाही. एका कंत्राटदाराकडे पाहून पाहून हात बसला. पण आमच्याकडे अकरा वर्षांत त्यानं भरलेला एकही शाफ्ट परत आला नव्हता. या एका गोष्टीचा त्याला माज होता आणि तो त्याला शोभायचाही.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात मी पुढारी झालो. पत्र्याखाली माणसं भाजून निघत होती. चौघांना घेऊन मी मनोहररावांकडे गेलो आणि कूलर मागितला. मनोहरराव भला माणूस. ओल्या वाळ्याच्या ताट्या लावलेला, दारभर रुंदीचा कूलर त्यांनी आणला. वारा थेट माझ्या लेथवर यावा असा तो मीच लावून घेतला. वाटेत रुपरावचं टेबल आणि त्याची वेल्डिंगच्या रॉडची फळी येत होती, तिकडे कोण बघतो!

पंधरा दिवसांत माझ्या लेथवर भराई तासताना केसाएवढी भेग दिसली. पहिल्या वेळी मी रुपरावला गुपचूप दाखवली. दुसऱ्या वेळी सगळ्यांसमोर ओरडलो, "सर्टिफिकेट नसलं का असंच होते!" त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

तिसरा शाफ्ट तडकला तेव्हा मनोहररावांनी त्याला बोलावलं. "कोळशाच्या खाणीतल्या पंपाचा शाफ्ट येऊन राहिला. तो तडकला तर तुझी भराई बंद, रुपराव. सोमवारपासून गेटच्या जाळ्या जोड. भराईले सर्टिफिकेटवाला आणतो." पगार तोच राहणार होता. पण रुपरावचा चेहरा असा उतरला की मी लेथकडे तोंड फिरवलं.

तो फळीवरचं रॉडचं एक पाकीट घेऊन घरी गेला. पुढचं मला त्याच्या बायकोनं, प्रयागबाईनं सांगितलं. घरी जाऊन त्यानं रॉड चुलीवर ठेवले.

"काहून जी, भाकरीच्या तव्यावर सळया भाजून राहिले?"

"जळताना तडतडतात वं. ओल धरली असन यायनं."

"एवढ्या उन्हात ओल कुठून आली?"

रुपरावनं चिमट्यानं एक रॉड उचलून उजेडात धरला. मग एकच शब्द बोलला, "कूलर!"

सकाळी त्यानं दोन तुकडे भरले. एक कूलर सुरू व्हायच्या आधी, भाजलेल्या रॉडनं. दुसरा कूलरच्या वाऱ्यात, फळीवरच्या रॉडनं. दोन्ही शिकंज्यात धरून घणानं तोडले. वाऱ्यातला पहिल्याच घावात तुटला, आत मुंगी शिरेल अशी भोकं. भाजलेल्या रॉडच्या तुकड्यानं नऊ घाव खाल्ले, वाकला, मग तुटला. ते तुकडे घेऊन तो आधी माझ्याकडे आला.

"भैय्याजी, ओल्या वाऱ्यानं रॉड बी बिघडून राहिले, थर बी लवकर थंडा होऊन राहिला. पण कूलर बंद करा असं कोणत्या तोंडानं म्हणू? सारे उन्हानं हैराण होतीन."

मी आधी भडकलो. आपलं पाप कूलरवर ढकलतो म्हणालो. मग तुकडे हातात घेतले. भोकं खोटं बोलत नव्हती. मी उठलो आणि बटण बंद केलं. लोकांनी मला पोटभर शिव्या दिल्या. मी पाना घेऊन बटणापाशी उभा राहिलो.

खाणीचा शाफ्ट त्यानं दोन दिवस भरला. पारा पंचेचाळीसवर, भाजलेले रॉड डब्यात, थर, हातोडी, पुन्हा थर, मग राख. तिसऱ्या दिवशी मी तो तासला. भेग शोधायची आमची रीत होती: आधी घासलेट चोळायचं, पुसायचं, वर पातळ खडू फासायचा. भेग असली तर आतलं घासलेट वर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मनोहररावांसकट सगळे भोवती उभे राहिले. रुपराव शाफ्टकडे बघेना, माझ्या तोंडाकडे बघत होता.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. खडू पांढराच होता.

"सांगा ना, भैय्याजी."

"एकही रेघ नाही गा," मी म्हणालो. "माझंच चुकलं."

"तुम्ही भेगा दाखवल्या म्हणून तर मले सापडलं," तो म्हणाला.

मनोहररावांनी सर्टिफिकेटवाल्याला नको म्हणून कळवलं आणि पत्रे मागवून कोपऱ्यात रुपरावला कूलरचा वारा न लागणारी दहा बाय दहाची खोली करून दिली. आम्हाला कूलर परत मिळाला. त्याच्या वाट्याला नागपुरातली सगळ्यात गरम खोली आली, आणि एखाद्याला बंगला मिळावा तसा तो खूश झाला. पहिल्याच दिवशी दारावर खडूनं त्यानं 'रुपराव' लिहिलं. त्याच्या हातातून खडू घेऊन मी पुढे 'मिस्त्री' लिहिलं. ते त्यानं पुसलं नाही.